सील कुणाचा?

(सार्वजनिक व्याख्यानमालेतील भाषणाचं शब्दांकन)



आजचा विषय आम्ही कळवला तेव्हा संयोजकांचा फोन आला. म्हणाले, "सर, सील म्हणजे कार्यालयातला शिक्का, की पालिकावाले दुकानाला ठोकतात ते?" आम्ही म्हटलं, दोन्ही नाही, बर्फातला प्राणी. पण प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. शिक्का मारतो तो मालक आणि दुकानाला सील ठोकतो तो सत्ताधारी. मालकी आणि सत्ता, याच दोन गोष्टींबद्दल आज बोलायचं आहे.

आपल्याकडे याला सर्रास सील मासा म्हणतात. तो मासा नव्हे. तो आपल्यासारखाच सस्तन प्राणी आहे, फुप्फुसांनी श्वास घेतो, पिल्लाला दूध पाजतो. पिल्लं जन्माला घालण्यासाठी आणि वाढवण्यासाठी त्याला पाण्याबाहेर यावं लागतं, किनाऱ्यावर नाहीतर तरंगत्या बर्फावर. पाण्यात तो बाणासारखा जातो, बाहेर आला की सरपटत चालतो. एक माणूस आणि एक सोटा, एवढ्यावर त्याला मारता येतं. सीलविषयीचा जवळजवळ सगळा कायदा या एका वस्तुस्थितीभोवती फिरतो, म्हणून ती आधी सांगून ठेवली.

आता, तत्त्वज्ञानाच्या माणसाने यात का पडावं? कारण प्रत्येक कायद्याच्या तळाशी एक प्रश्न असतो, आणि इथे तो लहान मुलालाही कळेल इतका सरळ आहे. सील कुणाचा? गेल्या सव्वादोनशे वर्षांत या प्रश्नाला चार उत्तरं मिळाली. ती आपण क्रमाने पाहू.

पहिलं उत्तर: कुणाचाच नाही

कॅप्टन कुक १७७५ मध्ये दक्षिण अटलांटिकमधल्या साउथ जॉर्जिया बेटावर पोहोचला. तिथे सील भरपूर आहेत ही बातमी त्याच्या वृत्तांतातून पसरली आणि काही वर्षांतच ब्रिटिश आणि अमेरिकी जहाजं तिकडे वळली. त्यांना हवा होता फर सील. त्याच्या दाट लोकरीला चीनच्या बाजारात आणि युरोपात मोठी मागणी होती. १८००-०१ च्या एका हंगामात एडमंड फॅनिंग नावाच्या अमेरिकी कप्तानाने एकट्याने ५७,००० कातडी नेली.

जेम्स वेडेल हा स्वतः सीलचा शिकारी. त्याचा अंदाज असा, की १८२२ पर्यंत साउथ जॉर्जियातून सुमारे १२ लाख फर सीलची कातडी गेली. तोवर तिथे मारायला फारसं काही उरलं नव्हतं. मग १८१९ मध्ये साउथ शेटलंड बेटं सापडली. तिथे तर दोनच हंगाम पुरले. १८२०-२१ आणि १८२१-२२ मिळून वेडेलच्या हिशेबाने ३ लाख २० हजार सील मारले गेले आणि धंदा संपला. माद्या मारल्या, म्हणून पिल्लं उपाशी मेली. ती कुठल्या हिशेबात नाहीत.

यांना अक्कल नव्हती असं म्हणून आपण मोकळे होऊ नये. वेडेलने १८२५ च्या आपल्या पुस्तकात स्पष्ट लिहिलं आहे, की मच्छीमारांना जाळ्याच्या आसाबद्दल जसा नियम असतो तसा इथे असता, तर दरवर्षी एक लाख कातडी पुढे कितीतरी वर्षं मिळत राहिली असती. म्हणजे कळत होतं. मग थांबले का नाहीत? कारण रोमन कायद्यापासून चालत आलेलं तत्त्व असं, की रानटी प्राणी अस्वामिक, जो पकडेल त्याचा. आता तुम्ही कप्तान आहात असं समजा. एक माद्दी तुम्ही पुढच्या वर्षासाठी सोडलीत, तर ती पुढच्या वर्षासाठी राहत नाही, मागून येणाऱ्या जहाजासाठी राहते. इथे संयम दाखवणारा माणूस फक्त मूर्ख ठरतो. आपल्याकडच्या गायरानाची कथा याहून वेगळी नाही.

दुसरं उत्तर: आमचा

आता दक्षिणेकडून थेट उत्तरेला जाऊ. अलास्का आणि रशिया यांच्यामध्ये बेरिंग समुद्र आहे, त्यात प्रिबिलॉफ नावाची छोटी बेटं. उत्तरेकडचा फर सील पिल्लांसाठी मोठ्या संख्येने तिथे येतो. १८६७ मध्ये अमेरिकेने रशियाकडून अलास्का विकत घेतलं आणि ही बेटं त्यासोबत आली. बेटांवर अमेरिकी सरकार परवान्याने, मुख्यतः तरुण नर मारू देई. पण पिल्लाला बेटावर ठेवून आई शेकडो किलोमीटर दूर समुद्रात चरायला जाते. तिथे कॅनडाची शिडाची जहाजं तिला गाठत. गोळी लागलेले कितीतरी सील हाती येण्याआधीच बुडत. आणि बेटावर पिल्लू वाट पाहत मरे.

अमेरिकेने १८८६ पासून ही जहाजं पकडायला सुरुवात केली. कॅनडाच्या वतीने ब्रिटन भांडायला उभं राहिलं. प्रकरण पॅरिसला सात सदस्यांच्या लवादापुढे गेलं. अमेरिकेचा युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे. कबुतर किंवा मधमाशी बाहेर जाते, पण परत येण्याच्या सवयीमुळे ती मालकाचीच राहते, हे रोमन कायदाच सांगतो. मग दरवर्षी आमच्या बेटावर परत येणारा सील आमचा का नाही? ब्रिटनचं म्हणणं, समुद्र मोकळा आहे, तीन मैलांच्या पलीकडे कुणाची मालकी चालत नाही.

१५ ऑगस्ट १८९३ ला निकाल लागला. अमेरिका हरली. लवादाने मालकी नाकारली, पण सोबत नियम घालून दिले. बेटांभोवती ६० मैलांत शिकार बंद, १ मे ते ३१ जुलै समुद्रातली शिकार बंद. मात्र हे नियम फक्त अमेरिका आणि ब्रिटन यांना लागू होते. जपानी जहाजांवर ते बंधनकारक नव्हते, ती बेटांच्या अगदी जवळ येऊन शिकार करू लागली. १९१० च्या सुमारास प्रिबिलॉफचे सील जेमतेम दोन-तीन लाखांवर आले.

शेवटी ७ जुलै १९११ ला अमेरिका, ब्रिटन, जपान आणि रशिया यांनी करार केला. समुद्रातली शिकार पूर्ण बंद. मारायचे ते फक्त बेटांवर, मोजून. यातली शहाणपणाची गोष्ट म्हणजे वाटणी. जपान आणि कॅनडा यांनी समुद्रातला धंदा सोडला, त्याबद्दल अमेरिका आणि रशिया यांनी आपल्या कातड्यांतला १५ टक्के वाटा प्रत्येकाला द्यायचा. म्हणजे सील जगण्यात चौघांचाही फायदा. पुढच्या चाळीसेक वर्षांत संख्या १५ लाखांच्या वर गेली. वन्य प्राण्यांसाठी झालेल्या पहिल्या यशस्वी आंतरराष्ट्रीय करारांत याची गणना होते.

पण इथे थोडं थांबू. बेटांवर सील मारण्याचं काम करत होते अल्यूत लोक. रशियनांनी त्यांना शिकारीसाठी तिथे नेऊन वसवलं होतं आणि अमेरिकी सरकारने पुढे दीर्घकाळ त्यांना आश्रितासारखं ठेवलं. १९४२ मध्ये युद्धामुळे त्यांना बेटांवरून हलवून आग्नेय अलास्कात जुन्या, मोडक्या इमारतींत कोंबलं. आजारपणाने अनेक जण मेले. आणि १९४३ च्या उन्हाळ्यात त्यांच्यातले पुरुष परत बेटांवर नेले, सीलचा हंगाम चुकू नये म्हणून. सीलची संख्या कराराने सांभाळली. करारात मूलनिवासींच्या पारंपरिक शिकारीला मुभा होती, पण या माणसांना कसं वागवावं हे सांगणारं कलम नव्हतं. हा धागा लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा येणार आहे.

तिसरं उत्तर: सगळ्यांचा

आपल्याकडे म्हण आहे, बैल गेला नि झोपा केला. बहुतेक संरक्षक कायदे असेच असतात. अंटार्क्टिकातला सील करार हा दुर्मीळ अपवाद आहे. इथे बैल जाण्याआधी झोपा झाला.

झालं असं. १९५९ च्या अंटार्क्टिक कराराने खंडावरचे मालकीहक्काचे वाद गोठवून ठेवले. पुढे १९६४ मध्ये तिथल्या प्राणी-वनस्पतींच्या रक्षणाचे नियम झाले. पण मूळ करारात खुल्या समुद्रावरचे हक्क अबाधित ठेवले होते. आणि अंटार्क्टिकातले बहुतेक सील राहतात कुठे? समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फावर. तो बर्फ जमीन की पाणी? कायद्याच्या दृष्टीने पाणी. म्हणजे किनाऱ्यावरचा सील सुरक्षित आणि शंभर मीटरवर तरंगत्या बर्फावर पहुडलेला त्याचा भाऊबंद उघड्यावर. त्याच वर्षी एक नॉर्वेजियन जहाज याच बर्फावर सीलची चाचणी शिकार करून आलं. धंदा सुरू होऊ शकतो, हे सगळ्यांच्या लक्षात आलं.

१ जून १९७२ ला लंडनमध्ये अंटार्क्टिक सील संवर्धन करारावर सह्या झाल्या. ११ मार्च १९७८ पासून तो अमलात आला. ६० अंश दक्षिणेच्या खालचा समुद्र त्यात येतो. रॉस सील, एलिफंट सील आणि फर सील यांची शिकार करायचीच नाही. बाकी तिघांना वार्षिक मर्यादा: क्रॅबईटर १,७५,०००, लेपर्ड १२,०००, वेडेल ५,०००. १ मार्च ते ३१ ऑगस्ट शिकार बंद. समुद्राचे सहा विभाग, त्यातला एक दरवर्षी पाळीने बंद. तीन जागा कायमच्या राखीव.

पाळीने बंद ठेवण्याची ही युक्ती अनुभवातून आली होती. साउथ जॉर्जियात १९१० ते १९६४ या काळात एलिफंट सीलची शिकार तेलासाठी परवान्याने चाले. किनाऱ्याचे चार भाग, त्यातला एक दरवर्षी बंद, आणि मारायचे ते फक्त मोठे नर. वेडेलने जे मागितलं होतं ते शंभर वर्षांनी त्याच बेटावर, दुसऱ्या जातीच्या सीलसाठी, प्रत्यक्षात आलं होतं.

आणि १९७२ नंतर काय झालं? व्यापारी शिकार सुरूच झाली नाही. १९८६-८७ मध्ये सोव्हिएत जहाजांनी चार हजारांहून अधिक सील मारले, त्यावर बरीच चर्चा झाली, पण धंदा म्हणून तो पुढे गेला नाही. कुणी म्हणेल, मग मर्यादेचे आकडे कागदावरच राहिले. राहिले, आणि ते चांगलंच झालं. जो कायदा वापरावाच लागला नाही त्याला आपण निरुपयोगी म्हणत नाही.

या करारातली एक सवलत मात्र गमतीची आहे. माणसांच्या किंवा कुत्र्यांच्या अत्यावश्यक अन्नासाठी परवान्याने सील मारता येत. कुत्रे, म्हणजे स्लेज ओढणारे. अनेक तळांवर त्यांना सीलचंच मांस घालत. पुढे १९९१ चा माद्रिद मसुदा आला, तो १९९८ पासून लागू आहे. त्याने कुत्र्यांनाच बंदी घातली, १ एप्रिल १९९४ पर्यंत सगळे हलवा म्हणून. कुत्र्यांचे रोग सीलना लागतील ही भीती होती. ज्याने निमूट स्लेज ओढली त्याला घरी पाठवलं, ते सीलसाठी. याच मसुद्याने हेलिकॉप्टर उतरवून सीलच्या कळपांना बिचकवणं हेसुद्धा परवान्याशिवाय निषिद्ध ठरवलं.

आणि आमच्या विषयाच्या दृष्टीने त्यातला सर्वांत मोठा शब्द आहे अंगभूत मूल्य. अंटार्क्टिकाला स्वतःचं मूल्य आहे, माणसाच्या उपयोगापलीकडे, असं राष्ट्रांनी सह्या करून मान्य केलं. आम्ही वर्गात हा शब्द फळ्यावर लिहायचो तेव्हा मागच्या बाकावरून हमखास हसू यायचं. तो आंतरराष्ट्रीय कायद्यात आला आहे.

चौथं उत्तर: स्वतःचा

अठराव्या शतकाच्या शेवटी बेन्थॅमने प्रश्नाची दिशा बदलली. प्राण्याला बुद्धी आहे का, हे विचारण्यापेक्षा त्याला यातना होतात का, हे विचारा, असं त्याचं सांगणं. हा विचार सीलच्या कायद्यात यायला दोनशे वर्षं लागली.

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या बर्फावर हार्प सीलची पिल्लं जन्मतात, पांढरीशुभ्र, काळ्याभोर डोळ्यांची. सोट्याने मारलेल्या या पिल्लांची छायाचित्रं युरोपभर पोहोचली. १९८३ मध्ये युरोपने पिल्लांच्या कातड्यांची आयात थांबवली. १९८७ मध्ये कॅनडाने अशा पिल्लांची व्यापारी शिकार बंद केली. २००९ मध्ये युरोपीय संघाने सीलच्या सर्वच उत्पादनांना बाजार बंद केला, इनुइट आणि इतर मूलनिवासींच्या पारंपरिक शिकारीचा माल वगळून.

कॅनडा आणि नॉर्वे जागतिक व्यापार संघटनेत गेले. २०१४ मध्ये अपील मंडळाने निकाल दिला. सार्वजनिक नीतिमत्तेच्या रक्षणासाठी अशी बंदी घालता येते, हे तत्त्व मान्य झालं. मात्र सवलत ज्या रीतीने राबवली जात होती ती पक्षपाती ठरली. ग्रीनलंडच्या इनुइटांना ती मिळत होती, कॅनडातल्या इनुइटांना प्रत्यक्षात नाही. २०१५ मध्ये युरोपने नियम दुरुस्त केले.

हा निकाल नीट वाचला तर एक चमत्कारिक गोष्ट दिसते. कायद्याने रक्षण कशाचं केलं? युरोपीय नागरिकाच्या सदसद्विवेकाचं. सीलच्या यातना त्यात आल्या, पण त्या यातनांनी अस्वस्थ होणाऱ्या माणसाच्या आडून आल्या.

इथे आम्हाला एक कबुली द्यायची आहे. प्राण्यांचे हक्क हा विषय आम्ही बरीच वर्षं शिकवला. पांढऱ्या पिल्लाचं ते चित्र वर्गात दाखवलं की वर्ग गप्प होई, आणि आम्हाला वाटे, युक्तिवाद पोहोचला. एका वर्षी एका मुलीने विचारलं, "सर, ही शिकार बंद झाल्यावर तिथली माणसं काय खातात?" आम्ही काहीतरी उत्तर दिलं. खरं म्हणजे आम्हाला माहीत नव्हतं.

नंतर वाचलं. इनुइट लोक मुख्यतः रिंग्ड सील मारतात, आणि मारलेला सील खातात. पांढऱ्या पिल्लांच्या त्या धंद्याशी त्यांचा संबंध नव्हता. कातडं विकून आलेल्या पैशातून बंदुकीच्या गोळ्या आणि स्नोमोबाइलचं इंधन येई, त्यावर पुढची शिकार, म्हणजे पुढचं जेवण. १९८३ च्या बंदीत त्यांच्यासाठी सवलत होती, पण बाजारच कोसळला. गिऱ्हाईक दुकानात शिरतानाच सील नको म्हणत असेल, तर कातडं कुठलं आहे हे वाचायला तो थांबत नाही. उत्तर कॅनडातल्या वस्त्यांचं उत्पन्न झपाट्याने घटलं. 'अँग्री इनुक' या २०१६ च्या माहितीपटात एका इनुइट दिग्दर्शिकेने ही बाजू मांडली आहे, मिळाला तर जरूर पाहा.

आमचं आजचं मत सांगतो. सीलच्या यातनेचा प्रश्न खोटा नाही, तो आम्ही मागे घेत नाही. पण संरक्षणाची किंमत कोण मोजतो, हे न विचारता केलेला नीतीचा कायदा अर्धा असतो. १९११ च्या करारात राष्ट्रांना नुकसानभरपाई होती, अल्यूतांना ती नव्हती. पुढे सवलत आली, पण पोटाचा विचार पुन्हा राहून गेला.

मारणारा हात दिसत नाही तेव्हा

चारही उत्तरांत एक गोष्ट समान आहे. मारणारा कुणीतरी आहे, आणि कायदा त्याचा हात धरतो. आता पुन्हा साउथ जॉर्जियाला जाऊ. १९३० च्या दशकात तिथल्या बर्ड आयलंडवर फर सीलची छोटीशी वसाहत आढळली होती. त्यातून संख्या वाढत २००९ च्या सुमारास ३५ लाखांवर गेली असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. कायद्याचा विजय म्हणावा असाच हा आकडा. त्यानंतर मात्र ती झपाट्याने खाली आली. कुणी सोटा उचलला नव्हता. समुद्र तापतोय आणि फर सीलचं मुख्य अन्न असलेलं क्रिल, म्हणजे कोळंबीसारखा छोटा जीव, तिथे कमी पडतंय.

२०२३ मध्ये अर्जेंटिनाच्या वाल्देस द्वीपकल्पावर बर्ड फ्लूने एलिफंट सीलची सतरा हजारांहून अधिक पिल्लं मेली. तोच रोग साउथ जॉर्जियात पोहोचला. २०२२ च्या तुलनेत २०२४ मध्ये तिथे विणीला आलेल्या माद्या सुमारे ४७ टक्क्यांनी कमी भरल्या. उत्तरेत बर्फ आटतोय. ऑक्टोबर २०२५ मध्ये हुडेड सीलची नोंद संकटग्रस्त प्राण्यांत झाली. ज्या बर्फावर आई पिल्लाला दूध पाजते, तो बर्फच राहिला नाही तर शिकारबंदीचं कलम काय करणार?

म्हणजे कायदा हरला का? आम्हाला तसं वाटत नाही. हात दिसत नाही याचा अर्थ हात नाही असा होत नाही. तो फार लांब आणि फार लोकांत वाटला गेलाय, त्यात आपलाही आहे. आणि काही ठिकाणी तो अजून स्पष्ट दिसतो. अंटार्क्टिकातल्या क्रिलची मासेमारी १९८० च्या सागरी सजीव संपदा कराराखाली चालते. दक्षिण अटलांटिकच्या भागात ६ लाख २० हजार टनांपर्यंत पोहोचलं की थांबायचं, असा नियम आहे. हा माल एकाच जागी उपसला जाऊ नये म्हणून विभागवार वाटणीचाही नियम होता. २०२४ मध्ये तो संपला, एकमत झालं नाही म्हणून नवा झाला नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पहिल्यांदाच ती ६ लाख २० हजारांची रेषा गाठली गेली आणि हंगाम मुदतीआधी बंद करावा लागला. वेडेलच्या जाळ्याच्या आसाचा प्रश्न दोनशे वर्षांनी फिरून समोर आलाय, फरक एवढाच, की आता जाळं सीलच्या ताटात पडतंय.

सील कुणाचा, हा प्रश्न आपण गेली दोन शतकं विचारला. यापुढे त्याला जोडून विचारावं लागेल, की सीलचं काय आहे? त्याचा बर्फ, त्याचं अन्न, त्याचा समुद्र. ते त्याचं आहे असं आपण मानणार का?

प्रश्नोत्तरं

प्रश्न: या सगळ्याशी भारताचा काय संबंध?

आहे, आणि गोव्यापासून आहे. १९८१ च्या डिसेंबरमध्ये भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम गोव्यातूनच निघाली, आणि आपली ध्रुवीय आणि महासागर संशोधन संस्था आज वास्कोला आहे. १९८३ मध्ये आपण अंटार्क्टिक करारात गेलो. २०२२ मध्ये संसदेने भारतीय अंटार्क्टिक कायदा केला. त्यानुसार मैत्री किंवा भारती तळावर गेलेल्या माणसाने परवान्याशिवाय तिथल्या प्राण्याला इजा केली तर तो गुन्हा आहे. आणि क्रिलचा निर्णय ज्या आयोगात एकमताने होतो, त्याचा भारत सदस्य आहे. त्या टेबलावर आपलीही खुर्ची आहे. ती काय बोलते, हे नागरिक म्हणून आपण विचारायला हवं.

प्रश्न: इनुइटांना सवलत आणि इतरांना बंदी, हा दुटप्पीपणा नाही का?

सीलच्या बाजूने पाहिलं तर आहे. मारणारा कोण, याने त्याची वेदना कमी होत नाही. पण नियम न्याय्य होण्यासाठी तो सगळ्यांना सारखा लागू असणं पुरत नाही. एकाकडे बाजारपेठेतले दहा पर्याय आहेत, दुसऱ्याच्या गावात भाजी विमानाने येते. दोघांना एकच नियम लावला की ओझं एकावरच पडतं. तरी तुमचा प्रश्न पुरता सुटला असं आम्ही म्हणणार नाही. तो असाच टोचत राहू द्या.